तारण काही नाही, जामीन अख्खं गाव : राइफायझन यांची गोष्ट

निपाणी असो, बडोदा असो की मडगाव, पतसंस्थेत कर्ज मागायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला. जामीनदार कोण? पगाराची स्लिप, जमिनीचा उतारा, सोनं हे सगळं नंतर. आधी हवा ओळखीतला, त्याच भागातला, दुसऱ्याचं कर्ज आपल्या नावावर घ्यायला तयार असलेला माणूस. कर्ज मागणाऱ्याला हा प्रश्न नकोसा वाटतो आणि जामीनदाराला त्याहून नकोसा. पण ज्याच्याकडे गहाण टाकायला काहीच नाही, त्याला कर्जाचं दार या एका प्रश्नानं उघडलं. ते उघडण्यात मोठा वाटा एका जर्मन सरकारी नोकराचा आहे. त्यांचं नाव फ्रीडरिश विल्हेल्म राइफायझन.

जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड इथं खेडोपाडी त्यांच्या नावाच्या बँकांच्या पाट्या दिसतात. आपल्याकडे हे नाव सहकाराच्या पाठ्यपुस्तकात एखाद्या परिच्छेदापुरतं येतं आणि परीक्षा संपली की विसरलं जातं. त्या परिच्छेदातला माणूस थेट महापुरुष म्हणूनच अवतरतो. प्रत्यक्षात त्यांनी आधी तीन संस्था काढल्या, तिन्ही दानावर उभ्या केल्या आणि त्या पुढं टिकत नाहीत हे स्वतः पाहिलं. चौथ्या वेळी त्यांना गणित सापडलं, तोवर डोळे जवळजवळ गेले होते.

थंड डोंगरातलं घर

राइफायझन यांचा जन्म ३० मार्च १८१८ चा. गाव हाम, सीग नदीच्या काठचं. हा भाग वेस्टरवाल्ड म्हणून ओळखला जातो. ऱ्हाइन नदीच्या पूर्वेला उंचावर असलेला, थंड वाऱ्याचा, पातळ मातीचा मुलूख. राई, ओट आणि बटाटा यांवर लोकांची गुजराण. त्यात वारसाहक्कानं जमीन सगळ्या मुलांत वाटली जायची, त्यामुळं प्रत्येक पिढीत तुकडे लहान होत जायचे. भाऊबंदकीच्या वाटण्या पाहिलेल्या वाचकाला हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको. जर्मनी नावाचा एक देश तेव्हा नव्हताच. १८१५ पासून हा भाग प्रशियाच्या राज्यात होता.

नऊ भावंडांत फ्रीडरिश सातवा. वडील शेतकरी, काही काळ गावचे प्रमुखही होते. पण मुलं लहान असतानाच ते आजारी पडले आणि घराचा गाडा आईवर आला. आई धर्मनिष्ठ प्रोटेस्टंट, शिस्तीची. शहरातल्या मोठ्या शाळेत पाठवायला पैसा नव्हता. गावच्या चर्चचे पाद्री झाइपेल यांनी या मुलाला हाताशी धरून शिकवलं. शिक्षण एवढंच.

सतराव्या वर्षी तो कोलोनला तोफखान्यात भरती झाला. गरीब घरातल्या हुशार पोरानं सैन्यात जाऊन बढती मिळवायची, हा तिथलाही सरळ मार्ग होता. बढती मिळतही होती, पण डोळ्यांच्या विकारानं गाठलं आणि १८४३ मध्ये सैन्य सोडावं लागलं. मग मुलकी नोकरी. १८४५ मध्ये वायरबुश नावाच्या गावी प्रमुख अधिकारी म्हणून नेमणूक झाली. जर्मन भाषेत या हुद्द्याला बर्गरमास्टर म्हणतात. त्याचं भाषांतर महापौर असं करतात, पण डोळ्यांपुढं झगा घातलेला महापौर आणू नये. हा सरकारनं नेमलेला माणूस. हाताखाली २२ खेडी, कामं रस्ता, शाळा, गरिबांची नोंद, वरिष्ठांना अहवाल. आपल्या जुन्या मामलेदाराला जास्त जवळचा. राइफायझन तेव्हा सत्ताविसाव्या वर्षात होते. त्याच वर्षी एमिली श्टोर्क या औषधविक्रेत्याच्या मुलीशी त्यांचं लग्न झालं.

पावाचा दुष्काळ

पुढच्याच वर्षी आभाळ फाटलं. बटाट्यावरचा रोग युरोपभर पसरला होता, त्यात १८४६ चं धान्याचं पीकही बुडालं. १८४६-४७ च्या हिवाळ्यात वेस्टरवाल्डमधल्या घरांत खायला नव्हतं. सरकारी कोठारातून पीठ आलं, पण सोबत हुकूमही आला. पीठ रोख पैसे घेऊनच विकायचं. ज्यांच्याकडे रोख होती त्यांना सरकारी पिठाची गरज नव्हती, आणि ज्यांना गरज होती त्यांच्याकडे रोख नव्हती. अशा हुकमांची जात सगळीकडे सारखीच.

राइफायझन यांनी हुकूम बाजूला ठेवला. गावोगाव समित्या नेमल्या, गरजूंची नावं काढली आणि पीठ उधारीवर दिलं. त्याचबरोबर भागातल्या बऱ्या परिस्थितीच्या लोकांकडून पैसे गोळा करून एक निधी उभा केला, त्यातून बाहेरून राई आणली आणि गावात सामाईक भट्टी बांधली. पाव तिथंच भाजायचा, ज्याच्याकडे पैसे असतील त्यानं द्यायचे, नसतील त्यानं चिठ्ठी लिहून द्यायची आणि पीक आल्यावर फेडायचं. आजूबाजूला पावाची जी किंमत चालली होती तिच्या साधारण निम्म्यानं इथला पाव मिळू लागला. पुढं पेरणीसाठी बटाट्याचं बियाणंही याच वाटेनं दिलं गेलं. ही वायरबुशची पाव मंडळी.

पुष्कळ लेखांत सहकाराची सुरुवात इथून मोजतात. ते तितकंसं बरोबर नाही. पाव खाणारे लोक मंडळीचे सभासद नव्हते. पैसा श्रीमंतांचा, निर्णय अधिकाऱ्याचा आणि गरिबांच्या वाट्याला फक्त चिठ्ठी. हे चांगलं दुष्काळी काम होतं, एवढंच. पण चिठ्ठीवर दिलेला पाव फुकट गेला नाही, माणसं फेडतात, हे तरुण अधिकाऱ्यानं जवळून पाहिलं.

याच वर्षांत त्यांनी वायरबुशमध्ये शाळा बांधली आणि ऱ्हाइनकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कामाला लागले. माल बाजारात न्यायला रस्ताच नसेल तर शेतकरी दारात येईल त्या व्यापाऱ्याला, तो म्हणेल त्या भावाला देणार, हे उघड होतं. हाम ते नॉयवीट हा रस्ता आज त्यांच्या नावानं ओळखला जातो.

गोठ्यातली दुसऱ्याची गाय

१८४८ मध्ये त्यांची बदली फ्लामर्सफेल्ड इथं झाली. आता हाताखाली ३३ खेडी. इथं त्यांना भुकेपेक्षा चिवट गोष्ट दिसली.

लहान शेतकऱ्याला गाय लागते. दुधासाठी, शेणखतासाठी आणि कित्येकांना नांगर ओढायलाही. गाय घ्यायला पैसे नाहीत. मग जनावरांचा व्यापारी गाय आणून गोठ्यात बांधतो. गाय व्यापाऱ्याची, चारा शेतकऱ्याचा. वासरू झालं की त्यात वाटा व्यापाऱ्याचा. मध्येच व्यापाऱ्याला वाटलं तर धष्टपुष्ट झालेली गाय सोडून न्यायची आणि हडकुळी आणून बांधायची. शेतकरी वर्षानुवर्षं दुसऱ्याचं जनावर पोसत राहतो. कर्जानं घेतली तर व्याज असं की गाय मेली तरी हप्ता मरत नाही, आणि शेवटी जमिनीचा तुकडा जातो. निम्म्या वाट्यानं जनावर राखायला देण्याची पद्धत आपल्याकडेही आहे, पण तिथं हा सरळसरळ सापळा होता.

१ डिसेंबर १८४९ रोजी फ्लामर्सफेल्डमध्ये दुसरी संस्था निघाली. साठेक सुस्थित माणसांनी एकत्र येऊन हमी दिली. हमी साधी नव्हती. संस्थेनं घेतलेलं कर्ज बुडालं तर प्रत्येकानं आपल्या सगळ्या मालमत्तेनिशी ते भरायचं. या हमीवर बाहेरून पैसा मिळाला, त्यातून गुरं खरेदी केली आणि ती शेतकऱ्यांना पाच वर्षांच्या हप्त्यांवर दिली. गाय पहिल्या दिवसापासून शेतकऱ्याची. पुढं गुरांऐवजी रोख कर्जही देऊ लागले.

इथं एक गोष्ट झाकून पुढं जाणं बरं नाही. त्या भागातल्या जनावरांच्या व्यापाऱ्यांत आणि सावकारांत ज्यू बरेच होते. जमीन बाळगायला आणि अनेक धंद्यांत शिरायला त्यांना शतकानुशतकं मज्जाव होता, त्यामुळं व्यापार आणि सावकारी एवढंच त्यांना उरलं होतं. सावकारी ख्रिश्चनही करत होते आणि तितकीच कडक करत होते. तरी राइफायझन यांच्या उतारवयातल्या लिखाणात शेतकऱ्याच्या दैन्याचं खापर ज्यू समाजावर फोडलेलं आढळतं. काळच तसा होता, एवढं म्हणून ते सुटत नाही. व्याजाचं यंत्र इतकं नीट ओळखणाऱ्या माणसाला इथं यंत्राऐवजी जात दिसली. त्यांचं चरित्र लिहिणारे अनेक वर्षं हा भाग गाळत आले, अलीकडे तो जर्मनीतच मोकळेपणानं मांडला जातो.

दान आटतं तेव्हा

१८५२ मध्ये नॉयवीट शहराला लागून असलेल्या हेडेसडोर्फला बदली झाली. बदल्यांचा हा शेवट. पुढचं सगळं आयुष्य इथंच गेलं. १८५४ मध्ये तिसरी संस्था काढली. या वेळी उद्देशांची यादी लांबलचक. कर्ज तर होतंच, शिवाय अनाथ आणि दुर्लक्षित मुलांचा सांभाळ, तुरुंगातून सुटलेल्यांना काम, वाचनालय. गावातली सगळी दुःखं एका संस्थेत बसवायचा प्रयत्न होता. कर्जाचं काम चाललं, बाकीची एकेक करून गळाली.

आणि मग श्रीमंत सभासदही गळू लागले. त्यात त्यांना दोष देण्यासारखं फारसं नव्हतं. कर्ज घेणार दुसरा, त्यावर सही आपली, बुडालं तर घरदार आपलं, आणि मिळणार काय तर पुण्य. पुण्यावर माणूस एक वर्ष, दोन वर्षं सही करतो. दर वर्षी करत नाही. दुसरीकडे कर्ज घेणाऱ्यालाही संस्था आपली वाटत नव्हती. ती साहेबांची आणि शेठजींची संस्था. बुडवलं तर त्यांचं बुडणार.

त्या सुमारास सॅक्सनीकडच्या डेलिच गावचे न्यायाधीश हेरमान शुल्झं यांचं काम जर्मन मुलखात गाजत होतं. सुतार, चांभार, शिंपी अशा शहरी कारागिरांच्या पतसंस्था ते १८५० पासून उभ्या करत होते. त्यांचं म्हणणं खणखणीत होतं. दान नको, सरकार नको; ज्याला कर्ज हवं त्यानंच सभासद व्हावं, भाग घ्यावा, जबाबदारी घ्यावी. राइफायझन यांनी त्यांच्याशी पत्रव्यवहार केला. धर्मभावनेनं काम करणाऱ्या या माणसाला ते सहज पटलं नाही. प्रेमानं चाललेलं काम हिशेबावर आणायचं म्हणजे त्यातला प्राण काढून घेणं, असं त्यांना वाटत होतं. पण सभासदांची रोडावणारी यादी समोर होती.

१८६२ मध्ये जवळच्या आनहाउझेन गावात नव्या धर्तीची कर्जसंस्था निघाली आणि १८६४ मध्ये हेडेसडोर्फची जुनी मंडळी गुंडाळून नवी सुरू झाली. फरक एका ओळीचा होता. कर्ज फक्त सभासदाला. म्हणजे कर्ज घेणारा आणि हमी देणारा आता एकाच बाकावर बसले. वायरबुशच्या भट्टीपासून इथवर यायला सतरा वर्षं लागली.

हे चालायचं कसं

समजा एका गावात पन्नास घरं आहेत. प्रत्येकाकडे दोन तुकडे जमीन, एक गोठा. यांतल्या एकट्याला शहरातला कुणी कर्ज देत नाही. रक्कम लहान, माणूस अनोळखी, वसुलीला जायचा खर्चच जास्त. पण पन्नास जणांनी एकत्र सही केली की आमच्यातल्या कुणाचंही बुडालं तर आम्ही सगळे मिळून, सगळ्या मालमत्तेनिशी भरू, तर अख्ख्या गावाची जमीन तारण झाली. आता शहरातला पैसेवाला विश्वासानं ठेव ठेवतो, तीही कमी व्याजानं. तो स्वस्त पैसा गावात येतो. कायद्याच्या भाषेत ही अमर्यादित जबाबदारी.

ऐकायला भयंकर वाटतं, आणि भयंकर होतंच. पण याच भीतीमुळं बाकीचे नियम आपोआप सुचत गेले. संस्था एका चर्चच्या हद्दीपुरती, म्हणजे जिथं सगळे सगळ्यांना ओळखतात तेवढ्याच भागाची. कोण राबतो, कोण पितो, कुणाची गाय आटली, हे कुठल्या अर्जात लिहावं लागत नाही. कर्ज कशासाठी हे सांगायचं आणि त्यासाठीच वापरायचं, शिवाय जामीनदार द्यायचा. गाईसाठी उचललेला पैसा गुत्त्यात गेला तर शेजाऱ्यालाच आधी कळणार, कारण उद्या त्यालाच भरायचं आहे. आपल्याकडे वसुली अधिकारी, जप्तीची नोटीस आणि सहायक निबंधक मिळून जे करू शकत नाहीत ते तिथं शेजाऱ्याची नजर करत होती.

कर्जाची मुदत लांब, काही वर्षांची. शेतीचा पैसा तीन महिन्यांत फिरत नाही. संचालकांना मानधन नाही. पगार फक्त हिशेबनिसाला, आणि कर्ज कुणाला द्यायचं यात त्याला मत नाही. भागभांडवल शक्यतो नकोच. कायद्यानं सक्ती केली तेव्हा भागाची रक्कम अगदी लहान ठेवली. नफा वाटायचा नाही. तो गंगाजळीत जायचा, आणि ही गंगाजळी कुणालाही कधीही वाटून घेता येणार नाही. संस्था मोडली तरी तो पैसा सभासदांना मिळणार नाही; त्याच गावात नवी संस्था निघेपर्यंत तो राखून ठेवायचा किंवा गावाच्या कामाला लावायचा. संस्था मोडून गंगाजळी वाटून घेऊ, असा विचार करणाऱ्याचं तोंड आधीच बंद.

आज आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या पतसंस्थेच्या संचालक मंडळाला सांगून पाहावं की तुम्ही मंजूर केलेलं प्रत्येक कर्ज तुमच्या घरादारावर आहे, भत्ता नाही, गाडी नाही आणि लाभांशही नाही. पुढच्या निवडणुकीत पॅनेल उभं करायला माणसं मिळतील का, याचा अंदाज वाचकांनी बांधावा.

अमालीचे डोळे

१८६३ हे वर्ष राइफायझन यांच्या घरावर कोसळलं. पत्नी एमिली गेली. मागं चार मुलं. साथीच्या तापानं स्वतःलाही गाठलं आणि आधीच अधू असलेले डोळे आणखी खालावले. १८६५ मध्ये, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी, त्यांना सेवानिवृत्त करण्यात आलं. पेन्शन तुटपुंजं. घर चालवायला त्यांनी सिगारचा छोटा कारखाना काढला, तो जमला नाही. मग वाइनचा व्यापार केला, तो बऱ्यापैकी चालला. शेतकऱ्यांना पैशाचं शिस्तबद्ध गणित शिकवणारा माणूस स्वतःच्या घरखर्चासाठी पिंपं विकत होता. सहकारातून त्यांनी आपल्यासाठी कमाई केली नाही.

१८६६ मध्ये त्यांचं कर्जसंस्थांवरचं पुस्तक आलं. संस्था कशी काढायची, नियम कसे लिहायचे, वह्या कशा ठेवायच्या, सगळं त्यात होतं. ते त्यांनी सांगितलं आणि कागदावर उतरवलं थोरली लेक अमाली हिनं. तेव्हा ती विशीत होती. पुढची वीसेक वर्षं वडिलांचे डोळे आणि हात तीच. आलेली पत्रं वाचून दाखवायची, उत्तरं लिहायची, हिशेब तपासायचे, पुस्तकाच्या नव्या आवृत्त्या तयार करायच्या. तिनं लग्न केलं नाही. राइफायझन हट्टी, कडक बाप होते आणि या मुलीवाचून त्यांचं पान हलत नव्हतं. गावोगावच्या संस्थांना जी पत्रं जायची त्यांवर सही बापाची असायची, अक्षर लेकीचं. सहकाराच्या इतिहासात तिच्या नावाला ओळ-दीड ओळ मिळते.

पुढं त्यांनी मारिया पान्झेरोथ या विधवेशी दुसरं लग्न केलं.

दोन सहकाऱ्यांचं भांडण

संस्था वाढू लागल्या तशी नवी अडचण आली. एका गावात ठेवी जास्त, कर्ज मागणारे कमी. शेजारच्या गावात उलट. या गावचा जादा पैसा त्या गावाला पोचवायला मध्ये कुणीतरी हवं. १८७२ मध्ये राइफायझन यांनी नॉयवीटला संस्थांची मिळून एक मध्यवर्ती बँक काढली आणि १८७४ मध्ये त्यावर आणखी एक शिखर बँक. गाव, मध्यवर्ती बँक, शिखर बँक असा तीन मजली डोलारा. आपल्याकडची विकास सोसायटी, जिल्हा बँक आणि राज्य बँक ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे मजले ओळखीचे वाटतील.

पण शुल्झं यांना हे मान्य नव्हतं. पंधरा वर्षांपूर्वी ज्यांच्याकडून धडा घेतला तेच आता समोर उभे राहिले. त्यांचे आक्षेप पोकळ नव्हते. ठेवी थोड्या मुदतीच्या आणि कर्जं कित्येक वर्षांची. ठेवीदार एकदम दारात आले तर काय करणार? भाग नाही, भांडवल नाही, मग संस्था कशावर उभी? आणि सभासद संस्था, माणसं नव्हेत, अशी बँक कायद्यात बसतेच कशी? शुल्झं जर्मन संसदेचे सदस्य होते आणि सहकार कायदा घडवण्यात त्यांचा हात होता. प्रश्न संसदेत गेला. १८७६ मध्ये राइफायझन यांना मध्यवर्ती बँकांचा हा डोलारा उतरवावा लागला.

त्यांनी त्याच वर्षी तीच कल्पना भागधारक कंपनी म्हणून पुन्हा नोंदवली. कायद्याच्या एका दारातून बाहेर काढलं तर दुसऱ्यानं आत. १८७७ मध्ये संस्थांचा संघ काढला, १८७९ मध्ये मुखपत्र. डार्मश्टाटचे विल्हेल्म हास हे तरुण कार्यकर्ते मात्र दुरावले. त्यांना सगळी सूत्रं नॉयवीटमध्ये नको होती आणि प्रत्येक बैठकीत धर्माचा पाठही नको होता. म्हातारे राइफायझन ऐकणाऱ्यांतले नव्हते. संस्था फुटून दोन संघ झाले.

नेमक्या याच वर्षांत, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं गाठून कर्जरोखे जाळले. दख्खनचे दंगे म्हणून ते प्रसिद्ध आहेत. वेस्टरवाल्डमधला कुणी सुप्याला आला असता तर कर्जरोख्यांवरची भाषा सोडून त्याला परकं असं फार काही वाटलं नसतं.

११ मार्च १८८८ रोजी, सत्तरावा वाढदिवस तीन आठवड्यांवर असताना, राइफायझन हेडेसडोर्फला वारले. दोनच दिवस आधी जर्मनीचे सम्राट पहिले विल्हेल्म यांचं निधन झालं होतं आणि सगळा देश त्या दुखवट्यात होता. राइफायझन यांच्या संघात तेव्हा ४२३ संस्था होत्या.

नॉयवीटहून गदगकडे

मरणानंतर आकडा झपाट्यानं वाढला. इटलीत पदुवाजवळच्या लोरेज्जा गावी लेओने वोलेंबोर्ग यांनी १८८३ मध्येच या पद्धतीची ग्रामीण पेढी काढली होती. योगायोग असा की वोलेंबोर्ग स्वतः ज्यू होते. हॉलंडमध्ये शेतकऱ्यांच्या संस्थांचे दोन गट झाले आणि १९७२ मध्ये ते एक होऊन राबोबँक झाली. त्या नावातला रा म्हणजे राइफायझन.

हिंदुस्थानात हे नाव आणलं मद्रास इलाख्यातले अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांनी. शेतीच्या कर्जाचा अभ्यास करायला सरकारनं त्यांना १८९२ मध्ये युरोपात पाठवलं. १८९५ आणि १८९७ असा दोन भागांत त्यांनी जाडजूड अहवाल दिला आणि सगळ्याचा अर्क शेवटी एवढाच काढला की या देशानं आपला राइफायझन शोधावा. त्यातून १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला.

अर्थात बडोद्यातली मराठी मंडळी कायद्यासाठी थांबली नव्हती. विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकारानं तिथं १८८९ मध्येच अन्योन्य सहकारी मंडळी सुरू झाली होती. ती शहरातल्या नोकरदारांची, म्हणजे घडणीनं शुल्झं यांच्या वाटेची.

खेड्यातल्या संस्थांना मात्र १९०४ च्या कायद्यानं राइफायझन यांचाच साचा दिला. सभासदांतले बहुतेक शेतकरी, नफा गंगाजळीत, आणि सरकारची खास परवानगी नसेल तर जबाबदारी अमर्यादित. गंमत अशी की राइफायझन यांच्या मृत्यूच्या पुढच्याच वर्षी, १८८९ मध्ये, जर्मनीनं नवा सहकार कायदा करून तिथल्या संस्थांना मर्यादित जबाबदारीची मुभा दिली होती. ज्या नियमासाठी ते आयुष्यभर भांडले तो त्यांच्या देशात ऐच्छिक झाला आणि समुद्र ओलांडून इकडे सक्तीचा म्हणून आला.

या कायद्याखाली देशातली पहिली शेती पतसंस्था १९०५ मध्ये नोंदली गेली ती गदगजवळच्या कणगिनहाळ या खेड्यात. गाव तेव्हा मुंबई इलाख्याच्या धारवाड जिल्ह्यात होतं, आज कर्नाटकात आहे. पुढाकार गावच्या सिद्धनगौडा सण्णरामनगौडा पाटील यांचा. सह्या करणारे सगळे एकमेकांना ओळखणारे, आणि त्या सह्यांमागं होती तीच जुनी अट : एकाचं बुडालं तर सगळ्यांनी भरायचं.